मातीचा हिशेब

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी कुंभारकाम शिकले, असे सांगितले की मैत्रिणी हसतात. कुंभाराच्याच मुलीने ते शिकायला जावे, यात हसण्यासारखे आहेही. पण वडील नोकरीसाठी बेळगावला आले आणि घरातले चाक गावीच राहिले. मराठी मी शाळेत शिकले, कन्नड गल्लीत. दोन्ही भाषांत कुंभाराचे नाव जवळजवळ एकच. काम मात्र मला एकाही भाषेत येत नव्हते.

आमचे गाव दापोरा, मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातले. हा केळीच्या बागांचा मुलूख. पण ज्या काळ्या मातीत केळी जोमाने येते, तिचे मडके होत नाही. वाळताना ती आकसते आणि तडकते. म्हणून कुंभाराची माती वेगळी, पारखून आणलेली. ती भिजवायची, चाळायची, राख व लीद घालून तुडवायची, मळायची. हे सारे आजी करते. पन्नास वर्षे करीत आली आहे. चाकावर मात्र ती कधी बसली नाही. लग्नकार्यात बायका वाजतगाजत येऊन चाकाची पूजा करतात. ते फिरवायचे मात्र पुरुषांनी, अशी आमच्यातली रीत.

चुलत आजोबांकडे आता विजेचे चाक आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण योजनेत अशी चाके दिली. त्यावर आजोबा रोज सकाळी गल्लीतल्या तीन मुलांना शिकवीत. मी म्हणाले, "आजोबा, मीही बसते." त्यांनी आजीकडे पाहिले.

"चाकाले बाईनं हात लावू नये, पोरी," आजी म्हणाली. मग जरा थांबून, "पन याची पूजा कुठं झाली अजून? हे तं मशीन आहे."

अशी मी चौथी झाले.

पहिले चार दिवस मडके दूरच, गोळा मध्यावरच बसेना. कोपरे मांडीवर घट्ट टेकवायची, तळवे ओले ठेवायचे आणि हात हलू द्यायचा नाही. हात हलला की गोळा डगमगतो. मग अंगठ्याने मध्ये कितीही छान खळगा केला तरी काठ एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ येतो आणि वर उचलताना सगळे बसते. बाकीची मुले दुसऱ्या दिवशीच वाट्या काढू लागली होती. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखून नामदेवांना कच्चे ठरवल्याची कथा आपण ऐकलेली असते. कन्नड विभागातल्या मित्रांना शरण कुंबार गुंडय्या माहीत असतील. त्या दोघांच्या जातीची मी, आणि माझे मडके भाजण्याआधीच कच्चे! पाचव्या दिवशी एक वाटी उभी राहिली. दोऱ्याने कापून उचलताना तीही वाकडी झाली.

दुपारी मोकळ्या वेळात मी एका माठाचे परिव्यय पत्रक मांडले. माती, लीद, जळण, वीज, आजोबांची मजुरी. "आजीची किती धरू?" मी विचारले. आजोबा हसले. "तिची कसली मजुरी? ती घरचीच." आजी माती मळत होती. तिने वर पाहिले नाही. हात मात्र क्षणभर थांबले.

मी तो रकाना भरला. गावात मातीकामाला बाईला जी रोजंदारी मिळते, तीच धरली. माठ विकून सुटणारा नफा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे आजवर जो नफा समजत होते, तो आजीचा घाम होता. आजोबांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि उठून गेले. ते रागावले असे मला वाटले.

निघायच्या आदल्या सकाळी आमची शिकवणी संपल्यावर त्यांनी चाक बंद केले नाही. "वहिनी, बसता का?" एवढेच म्हणाले.

आजी बराच वेळ उभी होती. मग पदर खोचून बसली. गोळा पहिल्या फटक्यात मध्यावर बसला. पन्नास वर्षांत ती माती तिच्या हातांना पाठ झाली होती. पुढचे मात्र तिला जमले नाही. वाटी फाकली आणि कोसळली. मुले हसली, तीही हसली. आणि लगेच तो गोळा उचलून, सवयीने, पुन्हा मळू लागली.

आता आजोबांचा फोन येतो तेव्हा मी आधी विचारते, आजीची वाटी उभी राहिली का? "अजून नाही," ते सांगतात, "पण रोज बसते."