जोहार

मागल्या चौदा एप्रिलला आमच्या बेसात कार्यक्रम झाला. गडचिरोलीकडचा एक गोंड कार्यकर्ता बोलायला आला होता. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "जोहार!" मंडपात कुजबुज सुरू झाली. खालून एक पोरगा ओरडला, "जोहार नाही दादा, इथं जय भीम म्हणा!" पाहुणा गडबडला. जय भीम म्हणाला, कसाबसा बोलला, निघून गेला.

पोरगा आमच्याच मंडळाचा. वाचणारा आहे. त्याच्यावर रागावलो नाही, कारण तीस वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं.

माझा आजा कोतवाल होता. त्याचं गाव इथून दोन कोसांवर, नाव लिहीत नाही. मालगुजाराच्या वाड्यासमोरून जाताना आजा पायातलं काढून हातात घ्यायचा, कमरेत वाकायचा आणि म्हणायचा, "जोहार मालक." मालक पान चघळत बसलेला. हूं नाही की चूं नाही. मालगुजारी कायद्याने १९५१ सालीच गेली, पण त्या वाड्यातून ती गेली नव्हती.

१९५६ च्या ऑक्टोबरात आजा पायी चालत नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याच वाड्यासमोरून पायतान घालून गेला आणि म्हणाला, "जय भीम मालक." मालकानं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. त्या वर्षी खळ्यावरचं धान्य आमच्या घरी आलं नाही. आजी मरेपर्यंत सांगायची, "एक शब्द बदलला अन् सूप रिकामं झालं बापा."

हे मी बापाकडून आणि आजीकडून ऐकलेलं. माझं स्वतःचं वेगळं आहे. मी आठवीत होतो. गुरुजी चितोडचा इतिहास शिकवत होते. १३०३, १५३५, १५६८. तीनदा गड पडला आणि तीनदा बायांनी आगीत उड्या घेतल्या. गुरुजींचा गळा भरून आला. म्हणाले, "याला म्हणतात जोहार!" मी हात वर केला. म्हटलं, "गुरुजी, माह्या आजा बी जोहार करे." वर्ग फुटला हसून. गुरुजी म्हणाले, "बस खाली. तुमचा जोहार वेगळा."

तुमचा वेगळा. दोस्तांनो, ही दोन अक्षरं मी पन्नास वर्षं बाळगून आहे.

गुरुजी शब्दापुरते खरे होते, एवढं मान्य करतो. पुढं कोश चाळले तेव्हा कळलं. आगीतला जोहार अभ्यासक जतुगृहापासून काढतात. जतुगृह म्हणजे लाखेचं घर, पांडवांसाठी बांधलं होतं तसं. तिसरा एक आहे, फारसीतला. गौहर म्हणजे रत्न. अरबीच्या तोंडी त्याचा जौहर झाला, अनेक रत्नं म्हणजे जवाहिर, आणि ती विकणारा जव्हेरी. एकाच आवाजात आग आहे, हिरा आहे आणि वाकलेली कंबर आहे. आमच्या वाट्याला कंबर आली.

पण ती कंबर तरी मुळात आमची होती का? शिवकाळातली पत्रं बघा. मराठा सरदार एकमेकांना लिहिताना 'जोहार' लिहितात. तिथं कुणाच्या हातात पायतान नाही. तुळशीदासाच्या अवधीत तो साधा नमस्कार आहे. आणि एकनाथाच्या भारुडात, चोखोबाच्या अभंगात तोच शब्द महाराच्या तोंडी येतो, हात जोडून. पुढं सरदारांनी रामराम धरला आणि जोहार गावकुसाबाहेर राहिला. आपल्यातले काही जण त्याचं नातं योद्ध्याशी जोडतात. जोडोत. कुळ शोधून मोठं व्हायची मला हौस नाही.

आता माझी चूक. नोकरीनिमित्त गडचिरोलीत होतो. ऑफिसातला गोंड सहकारी पहिल्याच दिवशी म्हणाला, "जोहार दादा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, यानं माझी जात विचारून घेतली आणि आता टोचतो आहे. मी फाडकन म्हटलं, "जोहार तुझ्या घरी. मला जय भीम म्हण." तो आठ दिवस बोलला नाही. मग एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला, "दादा, जोहार आमचा हाय. आम्ही बापाले म्हणतो, पोराले बी म्हणतो. म्हटलं का समोरचा बी म्हणते. तुमच्यात नाही म्हणत का?"

नाही म्हणत. मालकानं कधीच म्हटला नाही. एवढा साधा फरक कोणत्याही कोशात नव्हता.

संथाळ, मुंडा, हो, उरांव, सगळे जोहार म्हणतात, ताठ उभे राहून. २५ जुलै २०२२ ला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात द्रौपदी मुर्मूंनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतल्यावर भाषणाचा पहिला शब्द उच्चारला तो जोहार. त्यांच्या राजकारणाशी माझं भांडण आहे, ते वेगळं. त्या शब्दाला उभा सभागृह ऐकत होता, हे मी टीव्हीवर पाहिलं.

आणि आपला जय भीम? तो रूढ करण्याचं श्रेय आपल्या कामठीच्या बाबू हरदासांना देतात. १९३७ ला मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले, १९३९ ला पस्तिसाव्या वर्षी वारले. त्या माणसानं नुसता जय भीम दिला नाही, त्याला उत्तरही दिलं होतं: बल भीम. ते उत्तर आपण विसरलो, पण जय भीमला जय भीम येतो, तेवढं पुरतं. आजाच्या जोहाराला जे कधी मिळालं नाही, ते हेच.

परवा त्या पोराला घरी बोलावलं. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "काका, मंग थो जोहार म्हणन तं म्या काय म्हणाचं?"

मी म्हटलं, "तू बी जोहार म्हण. मंग जय भीम म्हण, अन् थो काय म्हणते ते आयक." पाहुण्याचा नंबर काढून दिला. त्यानं लगेच लावला. लागला नाही, तिकडं जंगलात रेंज नसते. उद्या परत लावतो म्हणाला आणि नंबर हातावर लिहून घेऊन गेला.