कचारगडचे रिंगण

गोंदियाहून रायपूरकडे निघालेली गाडी आमगाव आणि सालेकसा मागे टाकते, तसे डोंगर जवळ येऊ लागतात. दरेकसा हे तेथले लहानसे स्टेशन. तेथून धनेगाव गाठावे आणि रानातून कचारगड चढावा. एरवी हा मुलूख निवांत. पण माघी पौर्णिमेला छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून गोंडांचे जथेच्या जथे येथे लोटतात.

गडावर एक प्रचंड गुहा आहे. तिची कथा मोठी हृद्य आहे. कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली. दाराशी भलीथोरली शिळा. तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी छेडली. त्या नादाने मुलांच्या अंगात बळ आले, शिळा हलली, मुले सुटली. हिरासुका मात्र शिळेखाली गेला. पुढे पारी कुपार लिंगोने या मुलांना शिष्य करून कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्ममार्ग, शिकविला. पोरांची सुटका वाद्याने झाली असे मानणारा समाज नाचाला फावल्या वेळचा चाळा कसा म्हणेल?

रात्री ढोल घुमू लागला, की रेला सुरू होतो. गाण्यात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, म्हणून नाचाचेही तेच नाव. मुली एकमेकींच्या कमरेत हात गुंफतात, एकजण ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात; रिंगण घड्याळाच्या उलट फिरते. परगावची पोरे-पोरी येथे एकमेकांना पाहतात. पण आधी विचारायचे ते, ‘तुम्ही किती देवांचे?’ गोंडांची कुळे चार, पाच, सहा, सात देवांत वाटलेली. देव जुळले, की नाते बहीणभावाचे. तेथे सोयरीक नाही. ही नातीगोती नव्या पिढीला अशा मेळाव्यातच उमगतात.

बस्तरच्या मुरियांत हे शिक्षण गोटुलात मिळे. तेही लिंगोनेच दिले, अशी त्यांची श्रद्धा. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. शहरी वाचकाने त्यातले शृंगाराचे तेवढे उचलले. लग्नघरी, मयताच्या घरी राबणारी, शिस्तीत वाढणारी मुले त्याला दिसलीच नाहीत. गडचिरोलीच्या माडियांत तर नाच आटोपला, की मुली झोपायला आपापल्या घरी जातात.

आज चिंता वेगळीच आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे तीस लाखांच्या आत भरले, आणि गोंडांची संख्या तर कोटीच्या वर. गोंदियाकडच्या कितीतरी घरांत आता मराठी नाही तर छत्तीसगडी बोलतात. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी गोंडीचे व्याकरण, शब्दकोश आणि या गडाच्या कथा लिहून ठेवल्या, हे मोठेच काम झाले. पण पुस्तक उघडावे लागते. रेल्याची ओळ मात्र शेजारणीच्या तोंडून आपोआप येते. घरी गोंडी न बोलणारी मुलगी रिंगणात शिरली, की रात्रभर गोंडीच गाते.

तेव्हा वाचकहो, माघी पौर्णिमेला गेलात तर व्यासपीठावरचा, पाहुण्यांसाठी सजविलेला नाच पाहून लगेच गाडी पकडू नका. रात्र काढा. कॅमेरा पिशवीत राहू द्या. मंडप ओसरल्यावर, एखाद्या झाडाखाली, कोणी न सांगता ढोल पुन्हा वाजू लागेल, तो ऐका.