गोळी खाली जात नाही

१ जुलै २०२४, सोमवार
आशाताई माला-एनची पाकिटं देऊन गेल्या. फुकट. बाळाला सात महिने झाले, आता चालेल म्हणाल्या. पाकिटात २८ गोळ्या. २१ पांढऱ्या, ७ तपकिरी. पांढरी गोळी ती केवढीशी!
परवाच पाळी आली, म्हणून आजपासूनच सुरू. रात्री दहा. पाणी गेलं, गोळी जिभेवरच. पुन्हा पाणी. विरघळायला लागली. कडू.

३ जुलै
केळ्यात घालून पाहिली. केळं गेलं. गोळी गालात.

५ जुलै
नवरा म्हणतो, "एवढं जेवतेस, मग एवढीशी गोळी जात नाही?" जेवण चावतो आपण. कोण समजावणार.
लहानपणी आई तापाची गोळी दोन चमच्यांत चुरून मधातून द्यायची. गरोदरपणात लोहाचं पातळ औषध मागून घेतलं होतं. तेव्हा कुणी हसलं नाही.

९ जुलै
गोळीपाठोपाठ ओकारी. सिस्टरना फोन. दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. म्हणजे एका रात्रीत दोनदा हाच तमाशा.

१२ जुलै
दहा वाजूच नयेत असं वाटतं.

१७ जुलै, आषाढी एकादशी
खिचडीच्या घासात लपवली. साबुदाणा गिळला, गोळी उरली. थुंकून टाकली. कालचीही राहिली होती.

१८ जुलै
नवऱ्याला कंडोम आणायला पाठवलं. मेडिकलवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. शंभरावर वर्षं झाली, कागद काही सुटत नाही.

२२ जुलै
तपकिरी गोळ्या सुरू. या लोहाच्या, आणखी मोठ्या. राहिल्या तरी संरक्षण जात नाही म्हणे. ठेवल्या बाजूला.
पाळी येईल ना?

२३ जुलै
नवऱ्यासोबत उपकेंद्रात गेले. सिस्टर म्हणाल्या, "नाटकं नाहीत गं ही. पुष्कळ जणींना जात नाही." एवढं ऐकूनच बरं वाटलं. मग त्यांनी बाकीचे उपाय सांगितले.
छाया: तीसुद्धा गोळीच. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. हॉर्मोन नाही. पण घसा तोच.
अंतरा: इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. दूध पाजणारीलाही चालतं. पाळी मागेपुढे होते, कधी थांबतेच. सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने.
तांबी: सिस्टरनी पाकिटातली दाखवली. पांढरी, इंग्रजी टी. उभ्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळलेली, दोन्ही हातांवर तांब्याच्या बारीक नळ्या. खाली दोरा. माझ्या करंगळीपेक्षा लहान. गिळायचं काही नाही.
नसबंदीचं नाव निघालं तेव्हा नवरा पंख्याकडे बघत होता. दुसरं मूल हवंय आम्हाला, म्हणून मीही पुढे बोलले नाही. नाहीतर बोलले असते.

२५ जुलै
पाळी आली. हुश्श.

२६ जुलै
सासूबाई: "तांबी वर चढते, काळजाला जाऊन बसते." शेजारच्या काकूंच्या नणंदेचं उदाहरण. दुपारी सिस्टरना विचारलं. गर्भाशयातून काळजाकडे वाटच नाही म्हणाल्या. क्वचित आपोआप खाली पडते, ते मात्र खरं. म्हणून दोरा तपासायचा.
सासूबाईंना पटलं नाही. बाळाला सांभाळते म्हणाल्या.

२९ जुलै
बसवली. आधी तपासलं. मग एक जोराची कळ, पाळीची असते तशी पण टोकदार. नवरा बाहेर थांबलेला. अर्धा तास पडून राहिले, चहा प्यायले, घरी.

३१ जुलै
ओटीपोट दुखतंय, थोडं अंगावर जातंय. पहिले काही महिने पाळी जास्त जाईल, हे आधीच सांगितलंय. ताप आला किंवा घाण वासाचं पाणी गेलं तर लगेच यायचं.
रात्री दहाला झोपून गेले होते.
कार्डावर लिहिलंय: कॉपर-टी ३८० ए, बसवली २९ जुलै २०२४, मुदत दहा वर्षं. मधेच मूल हवं झालं तर कधीही काढून मिळते. तपासणी पुढच्या पाळीनंतर.