अंश आणि अंदाज

कुवेतमध्ये उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला तरी गरमच पाणी येतं. टाक्या गच्चीवर, आणि गच्चीवर दिवसभर ऊन. इथल्या मित्रिबा या ठिकाणी 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद तपासून मान्यही केली. सालमियात आम्ही जून लागला की गीझर बंद करतो आणि अंघोळीला त्याच्या टाकीतलं पाणी घेतो, कारण ती टाकी घरात असल्यामुळे तेच त्यातल्या त्यात गार असतं. अंघोळीचं असं निभून जातं, पावाचं मात्र अडतं.

जानेवारीत नळाच्या पाण्यात भिजवलेला मैदा दीड तासाने बेताचा फुगतो. जुलैत तोच मैदा, तेवढंच यीस्ट, तेवढंच मीठ घेतलं तरी गोळा पाऊण तासात भसकन वर येतो, त्याला आंबूस वास सुटतो आणि ओव्हनमध्ये पाव खाली बसतो. कृतीत काहीच चुकलेलं नसतं, फक्त गोळा जास्त तापलेला असतो. बेकरीवाल्यांचा यावर एक साधा हिशेब आहे. मळून झालेला गोळा 26 अंशांवर हवा असेल तर 26 ची तिप्पट करायची, 78. त्यातून मैद्याचे अंश, खोलीचे अंश आणि मळताना घर्षणाने वाढणारी उष्णता वजा करायची. उरेल तेवढ्या अंशांचं पाणी घ्यायचं. एसी लावलेल्या घरात मैदा 25, खोली 24, घर्षणाचे मी माझ्या यंत्रासाठी 15 धरते, म्हणजे पाणी 14 अंशांचं, फ्रीजमधलं. थंडीत मैदा आणि खोली दोन्ही 20 वर आले की पाणी 23 अंशांचं चालतं. हा हिशेब कळल्यावर माझ्या घरी बारा महिने सारखा पाव होऊ लागला.

यंत्र म्हणजे थर्मोमिक्स. एकाच भांड्यात वजन करणारं, कापणारं, दळणारं, मळणारं, ढवळत शिजवणारं आणि वर वाफेचं भांडं ठेवून उकडणारं. हे बनवणारी फोरवेर्क ही जर्मन कंपनी 1883 साली सुरू झाली. तिच्या फ्रान्समधल्या व्यवस्थापकाला तिथली दाट सूप पाहून सुचलं की घोटणं आणि शिजवणं एकाच भांड्यात का होऊ नये, आणि त्यातून 1971 साली पहिलं यंत्र आलं. त्याचा जन्म दाट, ढवळत शिजवायच्या पदार्थासाठी झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या स्वयंपाकात असे पदार्थ कितीतरी आहेत: पुरण, उकड, पिठलं, बासुंदी. भाजणं मात्र त्याला येत नाही. पाव, केक, नानकटाई यांचं पीठ तयार होईपर्यंतचं काम त्याचं, पुढचं ओव्हनचं.

लग्न होऊन इथे आले तेव्हा स्वयंपाकघरात मोठं कुणी नव्हतं. परदेशात संसार मांडणाऱ्या बहुतेकींचं असंच असतं. पाठीशी उभं राहून ‘आता पुरे, उतरव’ म्हणणारं माणूस नसलं की शिकणं फार हळू होतं. हाताशी ‘रुचिरा’ होतं. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक 1970 साली आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापांनी त्यांनी किती घरांना स्वयंपाकात उभं केलं याला गणती नाही. भाजी-आमटीला वाटी पुरते. पावाला पुरत नाही, कारण दाबून भरलेल्या वाटीतला मैदा आणि भुरभुरून भरलेल्या वाटीतला मैदा यांत चांगलाच फरक पडतो. यंत्राच्या भांड्याखालीच तराजू आहे. आकडा शून्यावर आणायचा, मैदा ओतायचा, पुन्हा शून्य, पुन्हा पाणी. घरात मोठं माणूस नव्हतं, तिथे मला हे ग्रॅम आणि हे अंश मिळाले. माझ्या शिकण्याचं मोठं श्रेय मी त्यांना देते.

उकडीचंच पाहा. पाव मऊ राहावा म्हणून त्यात घालायची एक खळ असते: 20 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम पाणी, ढवळत 65 अंशांपर्यंत न्यायचं. पूर्व आशियातल्या मऊ पावांची ही जुनी युक्ती. साधारण त्या उष्णतेला मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, खळ चकचकीत होते, आणि ते धरून ठेवलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही पाव कोरडा पडू देत नाही. गॅसवर 65 अंश ओळखणं कठीण. यंत्रात 65 लावायचं आणि बाजूला व्हायचं. हे करता करता मला मोदकाची उकड समजली. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं, म्हणून पारीला जी लवचीकता लागते ती सगळी शिजलेल्या स्टार्चमधून आणावी लागते. आधण आलेल्या पाण्यात पीठ का घालायचं, झाकण ठेवून वाफ का द्यायची, आणि गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून का मळायचं, हे आई सांगायची ते सगळं त्यात बसतं. गणपतीत आता उकड मी यंत्रात काढते आणि मळायला परातीत घेते. गोळा हाताखाली गुळगुळीत झाला की नाही हे पात्याला कळत नाही.

पुरणाने मला या यंत्राची मर्यादा दाखवली, आणि तिथेच मी सर्वांत जास्त शिकले. तापमान मोजणारा संवेदक भांड्याच्या तळाशी असतो. आमटी सतत फिरत असते, तेव्हा तळाचं तापमान तेच साऱ्या आमटीचं. पुरण घट्ट होत जातं तसं फिरायचं थांबतं. पडद्यावर 100 दिसतात, तळाला धरू लागलेलं असतं आणि वरचं पुरण अजून सैलच. अशा वेळी पडद्याकडे पाहण्यात अर्थ नसतो. मी झाकणावरची टोपी काढते, शिंतोडे उडू नयेत म्हणून तिथे जाळीची टोपली उपडी ठेवते, म्हणजे वाफ निघून जाते. पातं उलटं फिरवते, त्यामुळे त्याची बोथट बाजू पुढे येते. मधूनमधून थांबवून उलथन्याने कडा खरवडून घेते. आणि ऐकते. गूळ विरघळला की पुरण आधी पातळ होतं, तेव्हा आतून सळसळ ऐकू येते. आटत आलं की बुडबुडे एकेक करून फुटतात, डब-डब असा आवाज येतो आणि मोटरही जड बोलू लागते. त्या आवाजाला झाकण उघडून उलथनं रोवायचं. उभं राहिलं तर झालं. उलथनं उभं राहण्याची ही खूण घराघरांत आहे आणि तिच्याइतकी नेमकी खूण मला कुठल्याच आकड्यात सापडलेली नाही.

बेसनाच्या लाडवांना मी यंत्र वापरत नाही. हाताने लावता येणारं त्याचं तापमान 120 अंशांपर्यंत, आणि खमंगपणा आणणारं तांबूसपण 140च्या पुढे खरा वेग घेतं. बेसन कितीही वेळ ढवळलं तरी फिकं राहतं आणि जिभेला कच्चं लागतं. त्याला जाड बुडाची कढई, मंद आच आणि शेजारी बसायची तयारी हवी. एकाच भांड्यात सगळं होतं असं सांगून ज्या यंत्रांची विक्री होते, त्यांच्याबद्दल माझं हे स्पष्ट मत आहे: भाजणं ही आपल्या स्वयंपाकाची अर्धी चव आहे आणि ती कढईतच राहणार.

माझ्या एका कुवेती सहकारिणीने मला गर्स ओगैली शिकवला. वेलची, केशर आणि गुलाबपाण्याचा इथला केक, वर तीळ. पूर्वी इथली गलबतं खजूर घेऊन मुंबईला जायची आणि तांदूळ, मसाले, सागवान भरून परतायची. 1961 पर्यंत इथे व्यवहारही रुपयातच चालत. म्हणून मुबारकिया बाजारात वेलची निवडताना मला परकं वाटत नाही. या केकचा हलकेपणा फेसलेल्या अंड्यांवर उभा असतो. अंडी आणि साखर 37 अंशांवर कोमट करत फेसली की साखर चटकन विरघळते आणि फेस चांगला धरतो. तेवढं यंत्रातलं पंखासारखं फेसणं करतं. मैदा मात्र पसरट भांड्यात काढून, चाळून, हाताने खालून वर घेत मिसळायचा. पात्याने मिसळला तर हवा निघून जाते आणि केक दडस होतो.

माहबुलातल्या फ्लॅटमध्ये तिघं-चौघं मिळून राहणारी आपली तरुण मुलं मला विचारतात, ‘काकू, हे यंत्र घेऊ का?’ किंमत बरीच आहे आणि पहिल्या नोकरीत ती उचलू नये, असं मी सांगते. वजनकाटा आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. या दोन वस्तू यंत्रातल्या मला सर्वांत उपयोगी पडलेल्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या, स्वस्तात मिळतात. मळायला हात आहेतच.

गेल्या काही महिन्यांत माझा जीव भाकरीत गुंतला आहे. इथे मिळणारं ज्वारीचं पीठ पाकिटातलं, दळून कितीतरी आठवडे झालेलं. थापताना कडा चिरतात. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणाल्या, ‘पाणी उकळून घाल गं, पीठ जुनं असलं की विरी राहत नाही.’ बरोबर आहे, गरम पाण्याने स्टार्च थोडा शिजतो आणि पीठ धरून राहतं. पण चव जुनीच राहते. म्हणून मी अख्खी ज्वारी आणते आणि लागेल तेवढीच यंत्रात दळते. थोडी थोडी, मध्ये थांबत, कारण पातं एका मिनिटाला 10,000 च्या वर फेरे घेतं आणि पीठ तापतं. चक्कीसारखं मऊ दळण होत नाही. बारीक चाळणीने चाळून, परातीत कढत पाणी घालून, तळव्याच्या टाचेने रगडून मळलं की भाकरी आता बरीचशी गोल थापली जाते आणि तव्यावर पापुद्रा सुटतो. चाळणीत उरलेल्या कण्या पुन्हा भांड्यात जातात, पाणी आणि मीठ घालून, 100 अंशांवर, पातं उलटं. मऊ झाल्या की थोड्या निवू देते आणि इथल्या डेअरीचं लबान घालते. ते आपल्या ताकापेक्षा जरा दाट असतं, म्हणून लबानाच्या निम्मं पाणी आणि चिमूटभर जिरेपूड लागते.