पाटीची मागची बाजू

सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेकडे निघालेली कॅलट्रेन सुमारे ५० किलोमीटर अंतर कापून पालो अल्टो स्थानकात येते. स्थानक येण्यापूर्वी सॅन फ्रान्सिस्कीटो नावाचा एक ओढा लागतो. त्याच्या पुलाजवळ, रुळांच्या अगदी कडेला, एक रेडवूड वृक्ष उभा आहे. त्याचे वय हजार वर्षांहून अधिक मानले जाते. स्पॅनिश भाषेत ‘पालो अल्टो’ म्हणजे उंच झाड. गावाला नाव मिळाले ते या वृक्षावरून. हजार वर्षे एकाच जागी उभ्या असलेल्या या झाडाच्या सावलीतून रोज माणसे उतरतात ती मात्र घाईत असलेली, पाच-दहा वर्षांत जग व्यापू पाहणाऱ्या व्यवसायांची.

स्थानकाच्या एका बाजूस १८९१ साली सुरू झालेले स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे, तर दुसऱ्या बाजूस युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू ही गावाची पेठ. दोन्ही बाजूंना झाडे, बुटक्या इमारती, खाली दुकाने आणि उपाहारगृहे. येथून थोड्या अंतरावर, ॲडिसन ॲव्हेन्यूवरील एका घरामागे, लाकडी मोटारघर जपून ठेवलेले आहे. १९३९ साली ५३८ डॉलर भांडवलावर हेवलेट आणि पॅकार्ड यांनी तेथूनच आपला व्यवसाय उभारला. पेठेतील १६५ क्रमांकाची लहानशी इमारत तर भाग्यवान वास्तू म्हणूनच ओळखली जाते. लॉजिटेक, गूगल, पेपाल अशा कंपन्या आरंभीच्या काळात तेथे भाडेकरू होत्या. इमारत अमिदी या इराणी कुटुंबाची. गालिच्यांचा व्यापार करणाऱ्या या कुटुंबाने केवळ भाड्यावर समाधान न मानता पेपालसारख्या भाडेकरूंच्या व्यवसायात स्वतःचे पैसेही गुंतवले. समोरच्या माणसाची पत ओळखण्याची व्यापाऱ्याची नजर येथेही उपयोगी पडली.

याच गावात २००४ च्या उन्हाळ्यात काही विद्यार्थी भाड्याचे घर शोधत आले. त्यांचा उद्योग सुरू झाला होता तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे. ४ फेब्रुवारी २००४ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील कर्कलँड हाऊस या वसतिगृहातील खोलीतून १९ वर्षांच्या मार्क झुकरबर्गने ‘द फेसबुक’ सुरू केले. त्याने आणि एदुआर्दो सॅव्हरिन या मित्राने प्रत्येकी १ हजार डॉलर घातले. महिनाभरात हार्वर्डच्या निम्म्याहून अधिक पदवी-विद्यार्थ्यांनी त्यात नावे नोंदवली. मार्चमध्ये कोलंबिया, स्टॅनफर्ड आणि येल या विद्यापीठांना दार उघडले. विद्यापीठाने दिलेला पत्ता असेल त्यालाच प्रवेश, हा नियम होता. समोरचा माणूस खरा आहे आणि आपल्याच वर्तुळातला आहे, ही खात्री हेच या उद्योगाचे पहिले भांडवल होते.

पालो अल्टोतील ला जेनिफर वे या शांत गल्लीतल्या घरात डस्टिन मॉस्कोव्हिट्झ आणि इतर सोबती रात्रंदिवस काम करीत. शॉन पार्कर तेथेच येऊन मिळाला. त्याच्या ओळखीने पीटर थील या गुंतवणूकदाराने ५ लाख डॉलर दिले. वर्षअखेरीस सभासद १० लाख झाले. मात्र वाढीबरोबर भागीदारीला तडाही गेला. सॅव्हरिनचा हिस्सा घटला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर तडजोड होऊन सहसंस्थापक म्हणून त्याचे नाव पुन्हा लावण्यात आले. पेढी मोठी होताना पहिल्या भागीदाराशी हिशेब स्वच्छ राहणे किती अवघड असते, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगायला नको.

पेठेला छेदून जाणाऱ्या एमर्सन स्ट्रीटवर कंपनीने पहिले खरे कार्यालय घेतले. भिंती रंगवण्यासाठी २००५ मध्ये डेव्हिड चो या चित्रकाराला बोलावले. मोबदला म्हणून सुमारे ६० हजार डॉलर रोख किंवा तितक्या किमतीचे समभाग, असे दोन पर्याय त्याच्यापुढे होते. या उद्योगाविषयी त्याला फारसा आदर नव्हता, तरीही त्याने समभाग घेतले. २०१२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा त्यांची किंमत सुमारे २० कोटी डॉलर असल्याचे सांगितले गेले.

परंतु त्या वर्षातील खरी कसोटी पैशाची नव्हती, ती शब्दाची होती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे प्रमुख डोनाल्ड ग्रॅहम यांनी ६० लाख डॉलर गुंतवण्याची तयारी दाखवली होती आणि झुकरबर्गने तोंडी होकार दिला होता. इतक्यात युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरच, चालत जाण्याच्या अंतरावर कार्यालय असलेल्या ॲक्सेल या गुंतवणूक संस्थेने कितीतरी मोठी रक्कम देऊ केली. जवळच्या वुडसाईड गावातील एका भोजनगृहात बोलणी चालू असताना झुकरबर्ग टेबलावरून उठून गेला तो परत येईना. सहकारी पाहायला गेला, तेव्हा तो प्रसाधनगृहात जमिनीवर बसून रडत होता. दिलेला शब्द मोडायचा कसा, हा प्रश्न त्याला सुटत नव्हता. अखेर त्याने ग्रॅहम यांनाच दूरध्वनी केला आणि आपली कोंडी मोकळेपणाने सांगितली. ग्रॅहम यांनी त्याला शब्दातून मुक्त केले. ॲक्सेलचे १ कोटी २७ लाख डॉलर आले. पुढे काही वर्षांनी तेच ग्रॅहम कंपनीच्या संचालक मंडळावर आले. शब्द मोडला तो मोडलाच. पण परस्पर पाठ न फिरवता, ज्याला शब्द दिला त्याच्याच दारी जाऊन तो परत मागितला, म्हणून नाते टिकले.

यानंतरचा मुक्काम म्हणजे पेठेतीलच १५६ क्रमांकाची इमारत. मराठी प्रवाशाने येथे थोडे अधिक थांबावे, कारण येथल्या कथेत पुण्याची एक मुलगी आहे. रुची संघवी पुण्यात वाढल्या. शिक्षण पुरे करून वडिलांच्या व्यवसायात जावे, असा त्यांचा पूर्वीचा बेत होता. कार्नेगी मेलन विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन २००५ मध्ये त्या फेसबुकमध्ये आल्या, त्या तेथील पहिल्या महिला अभियंता म्हणून. मित्रांच्या ताज्या घडामोडी एकाच जागी सलग दाखवणाऱ्या ‘न्यूज फीड’च्या उभारणीत त्या अग्रभागी होत्या. ५ सप्टेंबर २००६ रोजी ही सोय सुरू झाल्याची घोषणाही त्यांच्याच नावाने झाली.

दुसऱ्याच दिवसापासून लोक खवळले. तोवर एखाद्याच्या पानावर जाऊन पाहावे लागणारी गोष्ट आता सर्वांसमोर आपोआप येत होती. लक्षावधी सभासदांनी निषेध नोंदवला. गंमत अशी, की तो निषेध इतक्या वेगाने पसरला तो न्यूज फीडमुळेच. तीन दिवसांत चूक मान्य करण्यात आली आणि कोणाला काय दिसावे हे ठरवण्याची सोय देण्यात आली. न्यूज फीड मात्र राहिले. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी याहूने देऊ केलेले १ अब्ज डॉलर २२ वर्षांच्या झुकरबर्गने नाकारले होते. सप्टेंबरअखेर १३ वर्षांवरील कोणालाही प्रवेश खुला झाला आणि २००६ संपताना सभासद १ कोटी २० लाखांवर गेले.

यशाने सावधपणा वाढतोच असे नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘बीकन’ नावाची योजना आली. सभासदाने इतरत्र केलेली खरेदी त्यात त्याच्या मित्रांना आपोआप कळू लागली. एका गृहस्थाने पत्नीला अचानक भेट द्यावी म्हणून अंगठी घेतली. ती हाती पडण्याआधीच पत्नीला बातमी समजली. कोणत्याही गावातील सराफ गिऱ्हाइकाची खरेदी चव्हाट्यावर सांगत नाही. हा साधा पेठधर्म येथे विसरला गेला होता. महिनाभरात माफी मागावी लागली आणि दोन वर्षांत योजना गुंडाळावी लागली.

तरी वाढ थांबली नाही. ऑगस्ट २००८ मध्ये सभासद १० कोटी झाले. २००९ मध्ये कंपनी पेठ सोडून गावाच्या दक्षिणेस, कॅलिफोर्निया ॲव्हेन्यूवरील जुन्या औद्योगिक इमारतीत गेली. त्याच वर्षी सभासद ३० कोटी झाले आणि कंपनीची आवक प्रथमच खर्चापेक्षा वरचढ ठरली. २०१० मध्ये हैदराबादला कार्यालय उघडले. भारतातील पहिल्या प्रमुख झाल्या कीर्तिगा रेड्डी, ज्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण नांदेडला घेतले होते.

प्रवासाचा शेवट मेन्लो पार्क येथे, खाडीकाठच्या मिठागरांजवळ होतो. २०११ मध्ये कंपनी येथे आली. त्यापूर्वी हे विस्तीर्ण आवार सन मायक्रोसिस्टीम्सचे होते. विनोद खोसला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी एके काळी संगणकविश्वात अग्रगण्य होती. नंतर ती खालावली आणि २०१० मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. फेसबुकने प्रवेशद्वारावरील जुनी पाटी फेकून दिली नाही. पुढच्या बाजूस स्वतःचे चिन्ह लावले आणि मागच्या बाजूस सनचे नाव तसेच राहू दिले. येणारा पाहुणा पुढची बाजू पाहतो, तेथे उभा राहून छायाचित्र काढतो. बाहेर पडणाऱ्याला मात्र मागची बाजू दिसते. काल या जागेवर दुसऱ्याचे राज्य होते, एवढेच ती सांगते.

उंच झाडापासून या पाटीपर्यंतचे अंतर मोटारीने काही मिनिटांचेच आहे. इमारती बदलल्या, भांडवल वाढले, सभासदांचे आकडे कोटींवर गेले. पण प्रत्येक मुक्कामावर प्रश्न एकच उभा राहिला: ज्यांनी विश्वास टाकला, त्यांच्याशी कसे वागायचे? भांडवल एका बैठकीत मिळू शकते. पत मात्र रोज राखावी लागते. एकदा वापरलेली पत पुन्हा जमा होण्यास किती काळ लागतो, याचा हिशेब कोणत्याही यंत्राला मांडता आलेला नाही.