पाळीवरचा रविवार

आम्हा नागपूरकरांचं समुद्राशी जुनं, एकतर्फी प्रेमप्रकरण आहे. मुंबई पडली आठशे किलोमीटरवर. मग आम्ही काय केलं, तर फुटाळ्यालाच चौपाटी करून टाकलं. भाजलेलं कणीस, बुलेटला टेकून काढलेले फोटो, कटिंग चहा आणि समोर पाणी. "कुठे आहेस बे?" "चौपाटीवर!" बाहेरगावच्या माणसाला वाटावं, गडी थेट गिरगावात पोचला.

त्यात मी राहते धंतोलीत. धंतोली म्हणजे दवाखान्यांचं गाव. इथे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या हातात एक्स-रेचं पाकीट असतं आणि पहिला माणूस पार्किंग शोधत असतो. अशा ठिकाणाहून रविवारी सकाळी बाहेर पळावंसं वाटलं तर नवल नाही. बरं, पळायला जागाही भरपूर. पूर्वेला कॉटन मार्केटपलीकडे गांधीसागर, म्हणजे जुन्या लोकांचा शुक्रवारी तलाव. पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर अंबाझरी आणि फुटाळा. विमानतळाकडे सोनेगाव. आणि जरा लांबची हौस असेल तर काटोल रोडनं गोरेवाडा.

माझा पहिला नंबर अंबाझरीच्या मागच्या बाजूला. पुढचं उद्यान १९५८ सालचं, ते आपल्या सगळ्यांच्या शाळेच्या सहलीत येऊन गेलंय. मागे वनविभागाचं जैवविविधता उद्यान आहे, साडेसातशे हेक्टरांहून मोठं. 'उद्यान' म्हटल्यावर कारंजी आणि कात्री लावलेली झुडपं डोळ्यांसमोर आणू नका. हे चक्क गवताळ रान आहे. डिसेंबरात कमरेइतकं वाळलेलं गवत, मध्येच कुठेतरी तितर ओरडतो, आणि घरी आल्यावर मोज्यांतली कुसळं उपटण्यात दुपार जाते. (जुने मोजे घाला. नवीन मोज्यांचं काय होतं ते विचारू नका.) सूर्य उगवल्यानंतरचा पहिला दीड तास खरा. नऊ वाजले की पक्षी गायब आणि सेल्फीवाले हजर.

मला पक्ष्यांची ओळख करून दिली ती आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी. बँकेतून रिटायर झाले आणि दुर्बीण घेतली. काकांचा एक नियम आहे, पक्ष्याचं नाव मराठीत सांगायचं. आधी मला हा हट्ट वाटायचा. मग त्यांनी ते बदक दाखवलं, चोच काळी आणि तिच्या टोकाला पिवळं, कपाळाजवळ चोचीच्या मुळाशी लाल ठिपका. "नाव काय असेल?" मी गप्प. "हळदीकुंकू!" आता सांगा, 'स्पॉट-बिल्ड डक' म्हणण्यात ही मजा आहे का? काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा आणि कायम दिंडीनं पोहणारा तो वारकरी. बघता बघता पाण्यात गडप होणारी टिबुकली. लांबच लांब लाल काड्यांवर उभा असलेला शेकाट्या. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त अशी किती नावं गोळा करून ठेवलीत! वनखात्यात आयुष्य काढलेला हा माणूस जून २०२५ मध्ये गेला, तेव्हा काकांनी दिवसभर टीव्ही लावला नाही.

याच काकांनी एकदा पाळीवर बसून थर्मासचं झाकण उघडता उघडता विचारलं, "काय गं, यातला एक तरी तलाव देवानं केलाय का?"

मी मोजायला लागले. शुक्रवारी तलाव अठराव्या शतकातला. गोंड राजा चांद सुलतानानं नाग नदीचं पाणी अडवून तो केला. फुटाळा भोसल्यांचा. अंबाझरी १८७० चा, शहराला पाणी द्यायला. गोरेवाडा १९१२ चा, तोही पाण्यासाठीच. आजही पेंचचं पाणी गोरेवाड्याला येऊन, शुद्ध होऊन मग आपल्या नळाला येतं. शहराबाहेर पडलं तरी तेच. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव कोहळी मंडळींनी धानासाठी खोदले. ज्याच्या काठचं जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तो नवेगाव बांध कोलू पाटील कोहळ्यानं बांधला असं सांगतात. आणि महाराष्ट्रात सारस बघायचा असेल तर जायचं त्याच गोंदियाला, त्याच तलावांच्या आणि धानाच्या बांधांच्या मधे. थोडक्यात काय, तर विदर्भात पाणपक्षी बघायला जाणं म्हणजे कुणाच्या तरी जुन्या इंजिनिअरिंगवर जाऊन बसणं. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हजारो किलोमीटर उडत येतात आणि कुणीतरी भातासाठी अडवलेल्या पाण्यात उतरतात. बांधकाम परवाना ते विचारत नाहीत.

आपण मात्र विचारतो. फुटाळ्यातल्या संगीत कारंज्याची गोष्ट घ्या. २०२२ मध्ये त्याचे ट्रायल शो झाले, तेव्हा सगळं नागपूर तिथे होतं. मीही होते. ए. आर. रहमानचं संगीत, मराठीत नाना पाटेकरांचा आवाज, हिंदीत गुलजार, इंग्रजीत अमिताभ. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. पण तलावातल्या आणि काठावरच्या बांधकामांवरून प्रकरण कोर्टात गेलं. मुद्दा असा की फुटाळा ही 'पाणथळ जागा' आहे का? केंद्राच्या २०१७ च्या नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी माणसानं बांधलेले तलाव पाणथळ जागा धरलेले नाहीत. आधी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आणि मग ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फुटाळा मानवनिर्मित आहे, तेव्हा या नियमांत बसत नाही. तलावात कायमचं बांधकाम नको आणि माणसानं बांधलेलं पाणीसुद्धा सरकारनं जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळायचं, हेही त्यात आहे.

कायद्याचं काटेकोर वाचन म्हणून ठीकच असेल. पण माणसानं बांधलेलं वगळायचं, तर विदर्भात उरलं काय? काकांनी पाळीवर सहज विचारलेला प्रश्न हा असा दिल्लीपर्यंत जाऊन आला होता. कारंज्याशी माझं वैर नाही. माझ्या आजीला त्या रात्री जो आनंद झाला तो मला हवाच आहे. पण अडई नावाचं छोटं बदक रात्रीच चरतं. त्याच्या जेवणाच्या वेळेला आपण स्पीकर आणि लेझर लावणार, हे त्याला कुणी सांगायचं?

बांधलेल्या तलावाला आणखी एक गोष्ट असते, सांडवा. जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट. अंबाझरीच्या सांडव्यावरचं पाणी नाग नदीत जातं, आणि ही नाग म्हणजे जिच्यावरून आपल्या शहराचं नाव पडलं ती. पुढे ती सीताबर्डीतून येऊन आमच्या धंतोलीच्या कडेनं जाते. जाते म्हणजे काय, आम्ही नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतो आणि तिला सरळ 'नाला' म्हणतो.

२३ सप्टेंबर २०२३. गणपती बसलेले होते. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि अंबाझरी सांडव्यावरून नुसता वाहिला नाही, धो धो आला. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सगळीकडे पाणी. मूकबधिर शाळेतल्या मुलांना बाहेर काढावं लागलं. मोरभवनात एसटीच्या आणि सिटी बस बुडाल्या. पंचशील चौकातला पूल खचला. माणसं गेली. सांडव्यासमोरच्या स्मारकामुळे पाणी अडलं का, यावरून पुढे हायकोर्टात किती तारखा झाल्या ते पेपरात येतच होतं.

माझी शाळेपासूनची मैत्रीण तलावाखालच्या एका लेआउटमध्ये ग्राउंड फ्लोअरला राहते. तिचा फोन आला तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले असतील. "पाणी किचनमध्ये आलंय. आजी पलंगावरून उठू शकत नाही. मी तिला डायनिंग टेबलवर ठेवू का?" एवढंच बोलली आणि फोन कट. पुढचा दीड तास मी आमच्या गॅलरीत उभी होते आणि खाली रस्ता दिसत नव्हता. आजीला शेजारच्या पोरांनी खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावर नेलं. ती वाचली. फ्रिज, गाद्या, बाबांची स्कूटर आणि मैत्रिणीच्या आईच्या लग्नातल्या साड्यांची पेटी यांचं काही सांगण्यासारखं राहिलं नाही. चिखल काढायला आम्ही आठ दिवस जात होतो. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीइतकी होती.

गंमत म्हणजे, आमच्या ग्रुपमध्ये तलावाचं खूळ मुळात तिचंच. कॉलेजात असताना रोज सकाळी ती अंबाझरीच्या पाळीवर चालायला जायची आणि मला ओढत न्यायची. त्या सप्टेंबरनंतर तिनं जाणं बंद केलं. मी दोन-तीनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "ते पाणी माझ्या घरात येऊन गेलंय. आता मी कशाला त्याच्याकडे जाऊ?" यावर काय बोलणार? सांडवा रुंद करायचं, दरवाजे बसवायचं काम हाती घेतलंय वगैरे मी बातमीतलं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

गेल्या जानेवारीत मात्र काका आणि मी मिळून तिला गोरेवाड्याला नेलं. जागा वेगळी, म्हणून आली. तिथलं प्राणिसंग्रहालय आणि सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, गर्दी सगळी तिकडे. तलावाच्या बाजूला जंगलाची पायवाट आहे, तिकडे तुलनेनं शांत. इथे बिबटे आहेत, तेव्हा कानात इअरफोन घालून एकटंदुकटं भटकायचं नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात एक बिबट्या थेट गायत्रीनगरपासून महाराजबागेपर्यंत फिरून गेला होता, म्हणजे एरवीही त्यांना आपल्या हद्दी फारशा मान्य नाहीत. थंडी कडाक्याची होती. पाण्यावर धुकं, पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले, एक नदीसुरय पाण्याला चोच लावून गेला. काका कुजबुजत नावं सांगत होते. मैत्रीण दुर्बीण घेऊन बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, सापडलं हिला काहीतरी.

"काका," ती म्हणाली, "याचा सांडवा कुठल्या बाजूला आहे?"

काकांनी हात करून दाखवला. मग पाणी किती भरलं की कुठून जातं, खाली कोणती वस्ती आहे, हे तिनं सगळं विचारून घेतलं. काका एरवी मधे कुणी बोललं की चिडतात. त्या दिवशी त्यांनी जमिनीवर काडीनं नकाशा काढला. त्यानंतर ती निवांत बसली आणि आमच्या डब्यातले पोहे संपवले. तर्री आणली नाही म्हणून वर मला ऐकवलं.

अंबाझरीला ती अजूनही येत नाही. पण तिचं ऑफिस हिंगणा रोडला, रोज मेट्रोनं जाते. धरमपेठ कॉलेज स्टेशन सुटलं की सुभाषनगर यायच्या आत खिडकीतून तलाव दिसतो, तेवढा वेळ ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची, हे तिनंच मला सांगितलं होतं. परवा मंगळवारी सकाळी मी धंतोलीच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न ऐकत उभी असताना तिचा मेसेज आला.

"पाणी पाळीच्या बरंच खाली आहे. वारकरी बावीस मोजले, तेवढ्यात सुभाषनगर आलं."