उधारीतून सुटण्याच्या पायऱ्या

बारा पायऱ्यांची पद्धत 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची. उधारीच्या सवयीसाठी ती 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या डेटर्स ॲनॉनिमसने घेतली. पहिली पायरी कबुलीची: कर्ज आवाक्याबाहेर गेले आहे. कतारमध्ये ही कबुली लवकर झालेली बरी, कारण तिथे न वटलेल्या चेकपायी कैद होऊ शकते. दोहात छोटा धंदा करणारा मराठी माणूस पुढच्या तारखेचे चेक देतो, गिऱ्हाइकाकडचे पैसे अडकतात आणि एक चेक भागवायला दुसरीकडे उसनवारी होते.

इथे चौथी पायरी, म्हणजे स्वतःची निर्भीड झाडाझडती, सर्वांत मोलाची. वहीत प्रत्येक रियाल लिहायचा: गाळ्याचे भाडे, कराक चहा, गावी धाडलेली रक्कम. घर आणि धंदा यांचे हिशेब वेगळे. नवी विनातारण उधारी बंद. मग डेटर्स ॲनॉनिमसच्या दोन अनुभवी सदस्यांसमोर वही उघडायची. जड जाते ते हेच. सभा फोनवरही होतात, त्यामुळे परदेशातल्या माणसाचे अडत नाही.

आठव्या-नवव्या पायरीत ज्यांचे देणे आहे त्यांची यादी करून, तोंड न चुकवता झेपेल तो हप्ता सांगायचा. त्या यादीत कामगारांचा थकलेला पगार सर्वांत वर असलाच पाहिजे.